तुमचा खरा वाढदिवस नक्की कधी असतो?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि लोकलच्या गर्दीत आवाज बंद ठेवून हे वाचणाऱ्यांचंही स्वागत. आजचा विषय वाढदिवस. लहान मुलांचा नाही हं, टोप्या-फुग्यांचा नाही. आपल्यासारख्या मोठ्या माणसांचा.

सुरुवात एका साध्या निरीक्षणानं करू. दरवर्षी १ जूनला तुमचा फॅमिली ग्रुप उघडून बघा. मोठे काका, आत्या, मावशीचे सासरे, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर... सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. केकचे स्टिकर संपतात, पण वाढदिवस संपत नाहीत. मी डेटाबेसमध्ये काम करतो. तिथे एखाद्या रकान्यात एकच तारीख अशी ढीगभर वेळा दिसली, की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, की ही माहिती आहे की कुणीतरी भरलेली डिफॉल्ट व्हॅल्यू? १ जून ही महाराष्ट्राची डिफॉल्ट व्हॅल्यू आहे. ती कुणी भरली, का भरली आणि त्या तारखेखाली कोणता खरा दिवस दबला गेला, ही आजची गोष्ट.

मैत्रिणीला आमंत्रण, तेही १९०० वर्षांपूर्वी

आधी जरा लांब जाऊन येऊ. आपल्याला वाटतं, मोठ्या माणसांनी वाढदिवस करणं हे अलीकडचं फॅड आहे. तसं नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलँडा नावाची जागा आहे. तिथे रोमन सैन्याची छावणी होती. जमिनीच्या ओल्या, हवाबंद थरात लाकडाच्या अगदी पातळ फळ्या सापडल्या, पोस्टकार्डाएवढ्या, आणि त्यावर शाईनं लिहिलेली पत्रं. त्यातलं एक साधारण इसवी सन १०० च्या आसपासचं आहे. लिहिणारी क्लॉडिया सेव्हेरा, एका लष्करी अधिकाऱ्याची बायको. जिला लिहिलंय ती सुल्पिसिया लेपिडिना, विंडोलँडाच्या छावणीप्रमुखाची बायको. मजकूर काय? ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू आलीस तर माझा दिवस आणखी आनंदाचा होईल, नक्की ये.

पत्राचा मोठा भाग लेखनिकानं लिहिलेला आहे, पण शेवटचा निरोप सेव्हेरानं स्वतःच्या हातानं लिहिलाय. बाईच्या हातचं लॅटिन लिखाण म्हणून जे सगळ्यात जुने नमुने माहीत आहेत, त्यात हा एक. आज ते पत्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विचार करा, साम्राज्याच्या टोकाला, थंडी-पावसात, नवऱ्यांच्या बदल्यांमागे फिरणाऱ्या दोन बायका. त्यांना भेटायला कारण हवं होतं आणि ते वाढदिवसानं दिलं. केकवर मेणबत्त्या नव्हत्या, गाणं नव्हतं. तरी वाढदिवसाचा गाभा तिथे पूर्ण आहे: 'ये, तुझी वाट बघतेय.'

मेणबत्त्यांचं म्हणाल, तर जर्मन कवी गटे १८०१ साली ५२ वर्षांचा झाला, तेव्हा तो गोथा गावी एका राजपुत्राकडे पाहुणा होता. जेवणानंतर नोकरांनी मोठा केक आणला, त्यावर सुमारे पन्नास मेणबत्त्या पेटवलेल्या. त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलंय. म्हणजे केकवरच्या मेणबत्त्यांची ही जुनी नोंद बावन्न वर्षांच्या गृहस्थाच्या वाढदिवसाची आहे. 'या वयात कसला केक' म्हणणाऱ्या बाबांना हे ऐकवा.

आपल्याकडे: दूध, तीळ, गूळ आणि भांडण बंद

आता आपल्या घरी या. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये 'धर्मसिंधु' हा ग्रंथ पूर्ण केला. सण-व्रतांचे, तिथींचे निर्णय द्यायला पुढे महाराष्ट्रभर हाच ग्रंथ वापरला गेला. त्यात दरवर्षीच्या वाढदिवसाचा विधी आहे. मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम हे चिरंजीव, यांची पूजा करायची. तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं. आणि त्या दिवशी काय करायचं नाही, याचीही यादी आहे: केस-नखं कापू नयेत, प्रवास करू नये, मांसाहार नको, हिंसा नको आणि भांडण नको. शेवटचा नियम आजही छापून फ्रीजवर लावण्यासारखा आहे.

हे झालं शास्त्र. घराघरात मात्र त्याचं सुटसुटीत रूप चालत आलं: सकाळी आंघोळ, देवाला नमस्कार, पाटाभोवती रांगोळी, कुंकू-अक्षता, निरांजन, सुपारी नि सोन्याच्या अंगठीनं औक्षण आणि ताटात काहीतरी गोड. औक्षण या शब्दात 'औक्ष' आहे, म्हणजे आयुष्य. 'औक्षवंत हो' म्हणायचं ते याच अर्थानं.

पण मोठे सोहळे बघा कधी होत. लहानपणीचा पहिला वाढदिवस आणि मग थेट साठी! मधली वर्षं घराला वाढवायची, कमवायची, रांधायची. त्या वयात तुमचा दिवस कोण लक्षात ठेवतंय?

साठीलाच का, याचं कारण मात्र झकास आहे. आपल्या पंचांगात वर्षांना नावं असतात, प्रभवपासून क्षयपर्यंत साठ नावं. साठ वर्षं पूर्ण झाली, की तुमच्या जन्माच्या संवत्सराचं नाव परत येतं. काउंटर एक फेरी मारून शून्यावर येतो, म्हणून साठीशांत. आणि सहस्रचंद्रदर्शन? दोन पौर्णिमांमधलं सरासरी अंतर २९.५३ दिवस. गुणिले हजार, म्हणजे २९,५३० दिवस. वर्षांत मोजलं तर साधारण ८० वर्षं १० महिने. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस! मला विचाराल तर '८१ वा वाढदिवस' यापेक्षा हे किती देखणं मोजमाप आहे.

एका माणसाचे दोन वाढदिवस

इथे खरी गंमत सुरू होते. आपला जुना वाढदिवस तिथीनं असे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांचा फरक पडतो. तो साचला, की सुमारे दर पावणेतीन वर्षांनी अधिक महिना टाकून हिशोब जुळवायचा. म्हणून तुमची तिथी कॅलेंडरवर मागे-पुढे उड्या मारते. पण दर १९ वर्षांनी ती जवळपास त्याच तारखेवर परत येते. १९, ३८, ५७, ७६ या वाढदिवसांना तुमची तिथी आणि तारीख एक-दोन दिवसांच्या फरकानं गळाभेट घेतात. पंचांगाचं ॲप उघडून स्वतःचं तपासून बघा.

दोन कॅलेंडरांचा हा घोळ बादशहांनाही होता. अकबर आणि जहांगीर यांनी तो फार सोप्या रीतीनं सोडवला: दोन्ही वाढदिवस साजरे करायचे. एक सौर, एक चांद्र. प्रत्येक वेळी बादशहा तराजूत बसायचा, सोनं, चांदी, कापड, धान्य अशा वस्तूंशी त्याची तुला व्हायची आणि ते वाटलं जायचं. इंग्रज वकील टॉमस रो यानं १६१७ साली मांडूला जहांगीरची तुला स्वतः पाहिली. पुढे औरंगजेबानं स्वतःची ही तुला बंद केली.

आणि आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण म्हणजे शिवजयंती. एकेकाळी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतिथी मानली जाई. मग जेधे घराण्याकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा दिलाय. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. पुढे इतर साधनांचाही आधार मिळाला, अभ्यासकांचे वाद झाले आणि अखेर राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी स्वीकारली. तिथीनं करणारे आजही तिथीनं करतात.

यात एक बारकावा ऐका. १९ फेब्रुवारी ही तारीख तेव्हा इंग्लंडमध्ये चालणाऱ्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरात तोच दिवस १ मार्च १६३० येतो. शिवनेरीवरची ती रात्र एकच होती. नावं मात्र तीन: फाल्गुन वद्य तृतीया, १९ फेब्रुवारी, १ मार्च. मुद्दा असा, की तारीख म्हणजे दिवस नव्हे. दिवसाला चिकटवलेलं ते लेबल आहे.

लेबल नसेल तर?

महाराजांचा जन्मदिवस शोधायला शकावल्या होत्या, इतिहासकार होते. सामान्य घरात काय होतं?

इंग्रजांनी १८८६ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा केला, पण ती नोंदणी ऐच्छिक होती. देशभर एकसारखा, सक्तीचा कायदा आला १९६९ मध्ये. त्याआधी जन्म लक्षात राहायचा तो घटनेनं. प्लेगच्या साली. पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे ११ डिसेंबर १९६७. दुष्काळात, म्हणजे १९७२. याला कुणी अडाणीपणा म्हणू नका. ही वर्ष लक्षात ठेवायची चोख पद्धत होती. अडचण व्हायची ती कागद मागितला की.

धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी कर्वे, यांचीच गोष्ट घ्या. जन्म १८ एप्रिल १८५८. मुलगा कोकणातल्या मुरुडचा. एका सरकारी परीक्षेला बसायला तो मुरुडहून साताऱ्याला पायी गेला. पावसाचे दिवस, घाट, शंभराहून जास्त मैल. परीक्षेला किमान वय १७ हवं होतं. त्याचं वय पूर्ण होतं, दाखलाही होता. पण अंगकाठी लहान. समितीनं बघितलं आणि ठरवलं, हा सतराचा दिसत नाही! बसू दिलं नाही. आला तसा परत.

याच माणसाचा शंभरावा वाढदिवस १८ एप्रिल १९५८ ला झाला, तेव्हा टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. स्वतंत्र भारतात हयात व्यक्तीचं तिकीट निघण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. ज्याचं सतरावं वर्ष कुणी मान्य केलं नाही, त्याचं शंभरावं अख्ख्या देशानं मोजलं. कागदावर विश्वास ठेवायचा की समोरच्या माणसावर, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मानगुटीवर आहे.

गुरुजींनी दिलेली तारीख

आता १ जूनकडे. आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पहिलीत घ्यायला ठरावीक वय पूर्ण हवं. पोराला हाताला धरून आई-बाप शाळेत आले. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? 'पेरणीच्या वक्ताला.' 'थोरलीच्या पाठीवर दोन वर्सांनी.' गुरुजींसमोर रजिस्टरचा रकाना रिकामा आणि रिकामा ठेवायची सोय नाही. मग ते वय बसेल असं साल मोजायचे आणि १ जून लिहून टाकायचे. पोरगं शाळेत आलं, हे महत्त्वाचं. कुणाचं वाईट करायचा त्यात हेतू नव्हता. उलट ती तारीख नसती, तर कित्येक मुलं दारातूनच परत गेली असती.

पण ती तारीख पुढे वाहत गेली. शाळा सोडल्याचा दाखला, मग नोकरीचं सर्व्हिस बुक, पॅन, आधार. म्हणून तर दर ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत सामुदायिक निरोप समारंभ होतात. नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. गुरुजींच्या पेनाचा एक फटकारा अन् पन्नासेक वर्षांनी एकाच संध्याकाळी निम्म्या कचेरीच्या हातात शाल-श्रीफळ!

आता हे संपत चाललंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, लायसन्स, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच पुरावा आहे. १ जूनवाली ही शेवटची पिढी. म्हणजे त्यांचा खरा दिवस विचारायला आपल्या हातात मोजकीच वर्षं उरली आहेत. हे वाक्य जरा थांबून ऐका.

गौरी जेवल्या त्या दिवशी

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. आधारवर तारीख १ जून १९४६. तिची पंचाहत्तरी करायचं घरात चाललं होतं तेव्हा ती सहज बोलून गेली, 'अरे, ती मास्तरांची तारीख. भावामागं शाळेत जाऊन बसायचे, मास्तरांनी नाव घालून टाकलं.'

मी म्हटलं, 'मग खरी कधीची तू?'

'माझी आई सांगायची, देश सुटला त्या साली. गौरी जेवल्या त्या दिवशी.'

बास, एवढंच. पण यात सगळा डेटा आहे! साल १९४७. भाद्रपदातलं ज्येष्ठा गौरीपूजन. त्या वर्षी श्रावण अधिक होता, १५ ऑगस्ट अधिक श्रावणातच आला. त्यामुळे गणपती-गौरी उशिरा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात. ग्रहगणिताची एक लायब्ररी घेऊन मी आकडेमोड केली. २० सप्टेंबरच्या पुढचे दोन-तीन दिवस निघाले. म्हणजे आजी कागदावर जवळजवळ सोळा महिन्यांनी म्हातारी आहे.

मी मोठ्या आनंदानं तिला तारीख सांगायला गेलो. ती म्हणाली, 'तारखेचं काय एवढं? गौरी दरवर्षी जेवतातच की.'

तिला तिचा वाढदिवस कायम माहीत होता. दरवर्षी यायचा. आणि लग्न झाल्यापासून दरवर्षी त्या दिवशी ती पहाटे उठून पुरण शिजवत होती, वाटत होती, वीस-पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटत होती. स्वतःच्या वाढदिवसाचा स्वयंपाक स्वतः करत होती आणि पंगतीत शेवटी जेवत होती. घरात कुणाला माहीतच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

२०२३ मध्ये पुन्हा अधिक श्रावण आला. १९४७ ते २०२३ म्हणजे ७६ वर्षं, १९ चोक ७६. मघाचं चक्र आठवतंय ना? २२ सप्टेंबरला गौरीपूजन होतं. तिथी आणि तारीख जवळपास एकत्र. त्या दिवशी पुरण बाबांनी आणि काकांनी वाटलं. पोळ्या फाटल्या, काही करपल्या, कट फारच तिखट झाला. गौरींचा नैवेद्य झाल्यावर आजीला पाटावर बसवलं आणि सगळ्या सुनांनी, नातवंडांनी ओवाळलं. गल्लीतल्या तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. पहिल्या पंगतीला ती बसली. पाच मिनिटांत उठली, कारण 'पोळ्या कशा लाटताय ते बघवेना'. पण बसली.

केक की औक्षण?

शेवटी तो सनातन वाद. दिवा लावायचा की मेणबत्ती विझवायची? रात्री बाराला की सकाळी? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. त्यामुळे बाराचा ठोका ही घड्याळाची रीत आहे, आपल्या परंपरेची नव्हे, हे खरं. पण म्हणून ती चूक ठरत नाही. मला विचाराल तर केकनं आपल्याकडे एक चांगलं काम केलं. पहिला वाढदिवस आणि साठी यांच्यामधली जी पन्नासेक वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, त्यांना एक दिवस मिळाला. तिशीतल्या माणसालाही ऑफिसातली चार माणसं उभं राहून, बेसूर का होईना, गाणं म्हणतात. कामवाल्या वयाच्या माणसाला 'आज तू पाटावर बस' म्हणणारं आधी फारसं कुणी नव्हतं.

कॅलेंडर कुठलंही घ्या. सेव्हेरानं पत्र पाठवलं, जहांगीर तराजूत बसला, गुरुजींनी १ जून लिहिला. त्या दिवशी कुणी तुमची वाट बघतं का, प्रश्न फक्त एवढाच.

तर या भागाचा गृहपाठ. घरातल्या १ जूनवाल्या माणसाला आज फोन लावा. 'तारीख काय' असं विचारू नका, ती मास्तरांची मिळेल. विचारा, 'तुझ्या जन्माचं घरात काय सांगायचे?' कुठला सण जवळ होता, पाऊस होता का, पीक कुठलं उभं होतं, गावात काय घडलं होतं. उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. पंचांगाचं गणित नंतर करता येतं, आवाज नंतर मिळत नाही.

आणि खरा दिवस सापडलाच, तर त्या दिवशी स्वयंपाक कोण करतंय, तेवढं मात्र आधी ठरवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर औक्षवंत व्हा!